पुढचा ब्रेक, मागची सीट

यवतमाळला जाऊन आलो म्हटलं की चिपळूणमधली माणसं विचारतात, "तिकडे काय आहे?" पुढचा प्रश्न त्याहून वाईट असतो, "तेही शिमग्यात?" शिमगा सोडून कोकणी माणूस गावाबाहेर पडला म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, असं आमच्याकडे धरूनच चालतात. बिनसलं नव्हतं, पण बिनसायच्या बेतात होतं. ते कुठे आणि कसं सावरलं हे सांगायलाच मी लिहायला बसलोय. प्रेक्षणीय स्थळांची यादी हवी असेल त्यांनी पुढे वाचू नये.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. सुनंदा, माझी बायको, सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. निवृत्त झाल्या झाल्या मी मोटरसायकल घेतली आणि तिसऱ्याच महिन्यात कुंभार्ली घाटात आम्ही दोघं पडलो. वळणावर खडी सांडली होती. मला खरचटलं, सुनंदाचं मनगट मोडलं. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्या मागे बसली नाही. मी अंगणात गाडी पुसत असायचो, ती खिडकीतून बघायची आणि आम्ही भलत्याच विषयावर बोलायचो. त्या दोन वर्षांत मी एकट्याने कुठे लांब गेलो नाही. एकट्याने जाण्यासाठी मी ती गाडी घेतलीच नव्हती.

मग कमलचा फोन आला. कमल राठोड ही सुनंदाची नर्सिंगच्या वर्गातली मैत्रीण. ती यवतमाळ जिल्ह्यात, महागावजवळच्या एका तांड्यावर राहते. तिला नातू झाला होता आणि होळीला त्याची धुंड होती. बंजारा लोकांत वर्षभरात जन्मलेल्या मुलाचं होळीला सगळा तांडा जमून कौतुक करतो, त्याला धुंड म्हणतात. सुनंदाने फोन ठेवला आणि म्हणाली, गाडीने जाऊ, उरलेलं आयुष्य भीत बसायचं नाही मला. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि धुंड आटोपली की यवतमाळ शहरही बघायचं ठरलं. तिची अट एकच होती. गाडीत काही खोट दिसली तर ती तिथूनच एसटी धरेल आणि घरी आल्यावर मी गाडी विकून टाकायची.

मी आनंदाने हो म्हटलं. पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड स्वतःच्या हाताने बदलले, जुनं ब्रेक ऑइल काढून घरातल्या बाटलीतलं भरलं, आणि तिला अंगणात बोलावून लिव्हर दाबून दाखवली. चांगली कडक होती.

पैनगंगा ओलांडल्यावर

नांदेडपर्यंतचं सांगत नाही. रस्ता, ऊन, लॉजमधल्या उशा, हे सगळ्यांना माहीत असतं. पैनगंगेचा पूल ओलांडला आणि यवतमाळ जिल्हा लागला. आमच्याकडे डोंगर अगदी अंगाशी असतो, इथे जमीन निवांत पसरलेली. कापूस वेचून संपला होता, शेतांच्या कडेला पऱ्हाट्यांचे, कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग लागले होते, आणि बांधाबांधावर पळस असा फुलला होता की सुनंदाने तीन वेळा गाडी थांबवायला लावली. तिसऱ्यांदा ती फोटो न काढताच परत आली. नुसतं बघायचं होतं, म्हणाली.

उमरखेडच्या अलीकडे पऱ्हाट्यांनी लादलेली एक बैलगाडी शेतातून एकदम रस्त्यावर आली. मी पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर लोण्यात बोट जावं तशी थेट मुठीपर्यंत गेली आणि गाडी तशीच पुढे. दुसऱ्यांदा दाबली तेव्हा ब्रेक धरला. बैलाच्या शिंगापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो.

सुनंदाने मागून विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, बैल बिचकले.

का खोटं बोललो? एसटीच्या भीतीने, दुसरं काय. दोन वर्षांनी माणूस मागे बसलं होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे तिची बॅग एसटीच्या टपावर चढलेली दिसत होती.

उमरखेडला स्टँडजवळ चहाला थांबलो. इथे आलुबोंड्यावर लालभडक तर्री ओततात आणि तो चमच्याने खातात. आमच्या बटाटेवड्याला कोरड्या लसणीच्या चटणीपलीकडे काही माहीत नसतं. सुनंदाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं तरी तिने दुसरा मागवला. मी गाडी पाण्याने पुसायच्या निमित्ताने बाहेर आलो आणि लिव्हर दाबून बघितली. कडक! अंगणात होती तशीच. मी सगळं तपासलं. नळीला कुठे ओल नाही, टाकीत ऑइलची पातळी बरोबर, पॅड नवे. मग उरतं काय? नळीत हवा शिरली असणार. ऑइल दाबलं तर दबत नाही, ते जोर पुढे पोचवतं. हवा मात्र दबते, आणि मग लिव्हर नुसतीच आत जाते. विज्ञानाच्या मास्तराचं निदान होतं, त्यात शंका घ्यायला मला जागा दिसेना.

शेजारच्या मेकॅनिकला मी हळूच बोलावलं. त्याने हवा काढून दिली. थोडं ऑइल कमी झालं तेव्हा तो नवी सीलबंद बाटली फोडायला निघाला. मी त्याला थांबवलं. माझ्या डिकीत घरून आणलेली अर्धी बाटली होती, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद आणि वर रबर बँड, अशी निगुतीने ठेवलेली. "माझ्याकडे घरचं आहे," मी म्हणालो. त्याने खांदे उडवले आणि ते ओतलं. सुनंदाला मी सांगितलं की चाकातली हवा बघून घेतली. हवा हा शब्द तेवढा खरा होता.

तांड्यावरची होळी

ऊन फार होतं म्हणून उमरखेडलाच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उमरखेड सोडलं तेव्हा ब्रेक उत्तम लागत होता. तासाभराने मुख्य रस्ता सोडून तांड्याकडे वळलो. तिथे एक लांब उतार आहे, तळाला छोटा पूल आणि पुलालगतच वळण. उताराच्या मध्यावर मी लिव्हर दाबली आणि ती पुन्हा मुठीला टेकली. घाईघाईने मागचा ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, आणि वळण सोडून आम्ही सरळ एका नांगरलेल्या शेतात शिरलो. पडलो नाही. ढेकळांनी थांबवलं.

सुनंदा उतरली, साडीवरची माती झटकली, हेल्मेट काढून हातात घेतलं आणि तांड्यापर्यंत चालत आली. मी गाडी ढकलत तिच्यामागून गेलो, ब्रेकचं नाव न काढता.

कमलने आम्हाला बघून जो आरडाओरडा केला त्यात सगळं बुडून गेलं. दोघी मैत्रिणी एकमेकींना धरून रडल्या, हसल्या, एकमेकींच्या पांढऱ्या केसांना नावं ठेवून झाली. आमच्या पानात ज्वारीची भाकर, भात, वांग्याची भाजी, ठेचा आणि वर गुळाची लापशी पडली. कमल समोर बसून वाढत होती आणि भात कमी का खाता हेही विचारत होती. कोकणातली माणसं भातावर जगतात, हे सुनंदाने तिला हॉस्टेलमध्ये सांगून ठेवलं होतं म्हणे.

आमच्याकडे शिमग्याचा होम पेटतो तेव्हा गावातले मानकरी कोण, आधी नारळ कुणाचा, यावरून दरवर्षी शब्दाला शब्द लागतो. इथे होळी पेटते भल्या पहाटे, तांबडं फुटायच्या सुमाराला. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, पुढे, मागे सगळा तांडा, आणि बायका-पुरुष फेर धरून लेंगी म्हणतात. लेंगी म्हणजे त्यांची होळीची गाणी. शब्द मला कळले नाहीत, पण कुणाची तरी टिंगल चाललीय एवढं कळत होतं, कारण मधूनच सगळे माझ्याकडे बघून हसत होते. कमलचा नातू रंगीत आंगड्यात, काठ्यांच्या मांडवाखाली, एवढ्या गोंगाटात शांत झोपून गेला. सुनंदा त्या फेरात गेली आणि मोडून बरा झालेला हात वर करून नाचली. त्या दोन वर्षांत मी तिला इतकं मोकळं पाहिलं नव्हतं, आणि मला माझीच लाज वाटली.

दुपारी कमलचे सासरे, ज्यांना सगळे दादा म्हणतात, माझ्याशेजारी बाजेवर बसले. मी समुद्राकडचा आहे हे कळल्यावर ते एकदम खुलले. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे.

"मीठ हवेतलं पानी पिते," ते म्हणाले. "गोनीत बसल्या बसल्या पिते. वझं वाढे अन् चालता बैल बसे. म्हनून पावसाळ्यात तांडा हालतच नव्हता."

मी मान डोलावली. फार छान माहिती, असंही म्हणालो. समोर अंगणात माझी गाडी उभी होती, डिकीत ती बाटली होती, आणि माझ्या डोक्यात काडीचाही उजेड पडला नाही. मग स्वयंपाकघरातून सुनंदाचा आवाज आला. ती कमलला विचारत होती की महागावहून नांदेडची एसटी किती वाजता असते.

मी उठून आत गेलो आणि म्हणालो, उद्या ब्रेक नीट दाखवून घेऊ. एवढंच. सुनंदाने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. कमल म्हणाली, "हनीफभाईले दाखवा. मी नोकरीभर मोपेडवर फिरली ते त्याच्याच भरोशावर."

हनीफभाई

महागावला हनीफभाईंचं दुकान म्हणजे कडुलिंबाखालची पत्र्याची शेड. रस्त्यापलीकडे एसटी थांबते. सुनंदा कमलच्या मुलाच्या गाडीवर बसून आली होती आणि तिची बॅग तिच्या मांडीवर होती. मी मन घट्ट करून मेकॅनिकला माझं निदान सांगायला सुरुवात केली: हवा, नळी, दाब. साठीचे असतील हनीफभाई. त्यांनी अर्ध्यावर मला हाताने थांबवलं.

"सर, तुमी थांबा. मांगं कोन बसते?"

मी सुनंदाकडे बोट दाखवलं. त्यांनी फडक्याने स्टूल पुसून तिला बसायला दिलं आणि मला उभंच ठेवलं. ही त्यांची पद्धत आहे असं नंतर कळलं. ब्रेकची तक्रार आली की ते आधी मागे बसणाऱ्याला विचारतात.

"चालवनारा सोताले समजावते, भाभी," ते म्हणाले. "मांगं बसनाऱ्याले असं करता येत नाही. तुमी सांगा, काय झालं?"

सुनंदाने सांगितलं. पहिल्या वेळेला, बैलगाडीच्या वेळी, लिव्हर दोनदा दाबली. पहिल्या दाबाला गाडी पुढे वाकली नाही, दुसऱ्या दाबाला वाकली. नांदेडहून निघून तासभर झाला होता. दुसऱ्या वेळेलाही उमरखेड सोडून तासभर. सकाळी निघताना दोन्ही दिवस ब्रेक चांगला होता. आणि शेतात उतरून पुढच्या चाकाशेजारून गेली तेव्हा पायाला गरम झळ लागली, जी मागच्या चाकाशी लागली नाही.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "तुला तेव्हाच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली.

मला त्या कडुलिंबाखालच्या जमिनीत शिरावंसं वाटलं. हनीफभाईंनी सभ्यपणे चाकाकडे बघायला सुरुवात केली. मग मला म्हणाले, पुढच्या ब्रेकला अजिबात हात न लावता पाचेक मैल फिरून या. आलो, तर त्यांनी स्टीलच्या ग्लासातलं पाणी पुढच्या चाकाच्या डिस्कवर, ब्रेकच्या चकतीवर, शिंपडलं. चर्र झालं आणि पाणी उडून गेलं.

"ब्रेक लावला नाही ना? मंग तापली कायले?"

त्यांनी पुढचा ब्रेक खोलून दाखवला. तो ज्या दोन पिनांवर सरकतो त्या खाऱ्या हवेने गंजून जाम झाल्या होत्या. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहायचे. मी पॅड बदलले, पण पिनांना ग्रीस लावायचं मला सुचलं नव्हतं. मी म्हणालो, मग हेच कारण. ते म्हणाले, अर्धं. एवढ्या तापाला चांगलं ऑइल दाद देत नाही. ऑइल कुणी भरलं?

मी डिकीतून ती बाटली काढली. खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानेच काढली. हनीफभाईंनी रबर बँड काढला, प्लास्टिकचा कागद उलगडला, आणि मला काही न विचारता सुनंदाला विचारलं की ही उघडून किती दिवस झाले. तिने सांगितलं, दोन पावसाळे, माळ्यावर.

"अन् तुमच्या घरी पापड किती दिवस कडक राह्यते, भाभी?"

"पापड? जून लागला की डबा उघडायचीच सोय नाही. संध्याकाळपर्यंत चामडं होतं."

"मंग हे ऑइल पापडच समजा," ते म्हणाले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, सीलबंद असेल तोवरच ते कोरडं. पाणी प्यालेलं ऑइल गार असताना शहाण्यासारखं वागतं, म्हणून सकाळी लिव्हर कडक. तापलं की आतलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ दबते. इकडच्या कोरड्या मुलखात अर्धी बाटली वर्षभर निभून जाते, त्यांनी सांगितलं. समुद्राच्या काठी नाही.

कालचे दादा, त्यांचं मीठ, त्यांचे बसलेले बैल, सगळं एका क्षणात माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. पाणी उकळणं, वाफ होणं, हवेतली ओल शोषणारे पदार्थ. फळ्यावर मिठाचं नाव मीच लिहायचो.

"हे कितवीत असतं हो?" सुनंदाने विचारलं.

"नववीत," मी म्हणालो.

ती हसली. हनीफभाई हसले. कमलचा मुलगाही हसला, त्याला कारण माहीत नसताना. मलाही हसू आलं, पण सांगायचं अजून बाकी होतं आणि ते आता निघालं नाही तर कधीच निघणार नाही असं वाटलं. पिना घासून, ग्रीस लावून, सीलबंद बाटली फोडून हनीफभाई जुनं ऑइल थेंबाथेंबाने बाहेर काढत होते. मी सुनंदाच्या स्टुलाशेजारी उकिडवा बसलो. सांगितलं, की बैलगाडीच्या वेळी मी खोटं बोललो आणि उमरखेडला चाकातल्या हवेचंही खोटं होतं. शेतात शिरलो तेव्हा बोलायला हवं होतं. आणि कुंभार्ली घाटातही खडीचा दोष नव्हता, मी वेगात होतो. दोन वर्षं सगळ्या गावाला मी खडी सांगत आलो.

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "मागेच बसले होते."

पलीकडे नांदेडची एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टर ओरडला. सुनंदाने तिकडे बघितलं, मांडीवरच्या बॅगेचा पट्टा हातात घेतला, आणि ती हललीच नाही. एसटी निघून गेली तेव्हा ती बोलली. ब्रेक बिघडतो, दुरुस्त होतो, त्याचं मला काही नाही. पण लिव्हर मऊ लागली की आधी मला सांगायचं, मग मेकॅनिकला. यवतमाळपर्यंत बसते, पुढचं तिथे ठरवू.

हनीफभाईंनी लिव्हर तिच्याकडूनच दाबून घेतली. तिने दाबली, सोडली, परत दाबली आणि मान हलवली. तरी त्यांचं समाधान झालं नाही. गार गाडीवर विश्वास ठेवू नका म्हणाले, तापल्यावर परत बघा.

आर्णीच्या पुढे

आर्णीला उसाचा रस प्यालो आणि निघालो. पुढे रस्ता सागाच्या रानातून जातो. पानगळ झालेली, आणि वाळलेली मोठाली पानं गाडीच्या वाऱ्याने बाजूला सरकत होती. इथल्या उतारांना लोक घाट म्हणतात. कोकणातला माणूस त्याला हसेल, पण मी त्या दिवशी हसलो नाही.

उतार लागला. ब्रेक लावला, गाडी छान धरली. आणखी एकदा लावला. लिव्हर मघापेक्षा दोराभर जास्त आत गेल्यासारखी वाटली. वाटली असेल, नसेलही. यवतमाळ अगदी जवळ आलं होतं. काही न बोलता पोचलो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. तिथे ती हो म्हणाली असती, गाडी घरी राहिली असती, आणि पुढची कितीतरी वर्षं आम्ही फिरलो असतो. आता बोललो तर यवतमाळहून एसटी भरपूर सुटतात.

"सुनंदा," मी म्हणालो, "मला लिव्हर थोडी मऊ लागतेय. नक्की नाही, पण लागतेय."

"थांबवा," ती म्हणाली.

एका सागाखाली गाडी लावली. तिने पुढच्या डिस्कजवळ हात नेला, मग बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. कोमट होती. मग हँडलशी आली आणि लिव्हर चार बोटांनी दाबली. एकदा, दोनदा, दहा वेळा. मला तिच्या बोटांकडे बघवेना, म्हणून मी रानाकडे बघत होतो. कुठेतरी सुतारपक्षी खोडावर ठोकत होता.

"कडक आहे," ती म्हणाली. "तुमचा हातच मऊ पडलाय भीतीने."

"असेल."

"असू दे. सांगितलंत ना."

तिने पाणी पिऊन बाटली मला दिली, आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर थोडा वेळ बसली. मग तिने हेल्मेट घातलं, पट्टा लावला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "यवतमाळहून पुढे वर्धा किती लांब आहे हो?"

मी म्हणालो, थांबत थांबत गेलो तर अर्धा दिवस जाईल.

"मग थांबत थांबतच जाऊ," ती म्हणाली आणि मागे बसली.